दुसऱ्या पायरीची वही

१

वही नाहीशी झाल्याचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. ताईला. रोजचे सहा तास.

हिशेब असा होता. घरी येऊन वयस्कर माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेनं त्या सांभाळण्याच्या तीन पायऱ्या पाडल्या होत्या. पहिली पायरी म्हणजे दिवसाला दोन तास. त्यात गप्पा, बाजारहाट, गोळ्यांची आठवण, सोबत चार पावलं चालणं. दुसरी म्हणजे आठ तास, त्यात आंघोळ, स्वयंपाक, उठवणं-बसवणं आलं. तिसरी म्हणजे चोवीस तास, दोन पाळ्या, आणि मग घर आपलं राहतच नाही, नुसता पत्ता आपला राहतो. आत्या दुसऱ्या पायरीवर होत्या. त्या सुधारल्यात असं तपासणीत ठरलं की पहिलीवर येणार, आणि त्यांच्या मदतनीस ताईच्या आठ तासांचे दोन होणार. आठातून दोन गेले, राहिले सहा. वजाबाकी सोपी होती, त्यामुळे तपासणीच्या दिवशी सकाळी साडेआठच्या आत ती सगळ्यांनी करून टाकली.

वही म्हणजे संस्थेची रोजची नोंदवही. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्याला दोरीनं टांगलेली असायची. किती वाजता काय केलं, कुणी केलं, कुणासाठी केलं, सगळं त्यात लिहायचं. तीन महिन्यांनी तपासनीस येणार, वही वाचणार, माणूस बघणार, पायरी ठरवणार.

आठ वाजता ताई आली, चप्पल काढली, आणि खिळा मोकळा दिसला.

"आत्या, वही कुठाय?"

"कुठली वही?" खिडकीजवळच्या उंच गादीच्या खुर्चीतून आत्या म्हणाल्या.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं ऑपरेटर होत्या. आलेला आवाज विसरणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्या बाईनं 'कुठली वही' म्हणावं, इथंच कुणाला तरी शंका यायला हवी होती. पण ताई तोवर रडायला लागली होती.

साडेआठला भाचा आला. बावन्न वर्षांचा, डोक्यावर केस मोजके आणि डोक्यात काळज्या अमाप. त्यानं कॉटखाली शोधलं, कपाटांचे खालचे खण उपसले, स्टूल घेऊन माळा चाळला, मग ताईकडे पाहिलं.  वजाबाकी त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती.

"अगं आत्या, तुझं वचन लक्षात आहे ना?" तो म्हणाला.

ते सगळ्यांच्याच लक्षात होतं. चौदा महिन्यांपूर्वी आत्या बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि मदत येईपर्यंत चार तास त्या तशाच फरशीवर होत्या. दवाखान्यात भाच्याचा हात धरून त्यांनी कबूल केलं होतं की पुढे कुठल्याही तपासणीत काही खोट निघाली, तर त्या त्याच्या घरी जातील. हे घर बंद. शब्द दिला की दिला.

आणि दहा वाजता तपासणी होती.

२

तपासनीस बाईंना सगळे पायरीबाई म्हणत. तोंडावर नव्हे. वीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढल्यानंतर त्या संस्थेत आल्या होत्या. जाड तळव्याचे बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत मोजपट्टी आणि स्टॉपवॉच. कुणाच्याही घरात शिरल्या की त्या आधी पायांकडे बघत, मग चेहऱ्याकडे. चेहरा आवरता येतो, पाय येत नाहीत, असा त्यांचा अनुभव.

आत शिरताच आत्यांच्या खुर्चीशेजारचा वॉकर त्यांनी उचलून उलटा केला. चारी पायांची रबरी टोपणं झिजून पार चपटी झाली होती.

"कधी बदलली ही?"

"दीड महिना झाला असेल," भाचा म्हणाला. "मीच आणली. मॅडम, ते राहू द्या. वही चोरीला गेलीय."

"चोरीला गेली की सापडत नाही?"

"खिळ्यावरून वही आपल्या पायांनी जाते का?"

"या, गॅलरीत या जरा."

गॅलरीत भाच्यानं पहिलंच वाक्य टाकलं, "मी कशाला चोरेन?"

"मी अजून विचारलंच नाही. बरं, आता विचारते. तुमचा फायदा कशात आहे?"

"झोपेत," तो म्हणाला, आणि ते इतकं खरं होतं की पायरीबाईंनी पेन खाली घेतलं. "चौदा महिने फोन उशाखाली घेऊन झोपतोय. रिक्षाचा हॉर्न वाजला तरी वाटतं, आत्या पडली. आमच्या हॉलमधला सोफा काढून कॉट घातली. बायकोनं पडदे शिवले."

"आत्यांना विचारून?"

"पडद्यांचा रंग विचारून!"

"आणि कॉटचं?"

भाचा कुंडीतल्या मातीकडे बघत राहिला.

आत्यांचं वचन पायरीबाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी मनात खातं मांडलं. आत्या अडखळल्या, धडपडल्या, असं काही वहीत सापडलं तर त्या या माणसाकडे जाणार. म्हणजे याला वही हवी आहे. ज्याला एखादी गोष्ट वाचून दाखवायची असते, तो ती लपवत नाही. भाच्याच्या नावावर त्यांनी रेघ मारली. पण 'दीड महिन्यात झिजलेली टोपणं' या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

३

स्वयंपाकघरात ताई ओट्याला टेकून उभी होती. बुटकी, काटक, चाळिशीतली. डोळे लाल.

"मी नाही घेतली, मॅडम."

"बसून बोल."

"उभीच बरी आहे."

पायरीबाईंनी खोलीवर नजर फिरवली. गॅसपुढे बाथरूममधलं आंघोळीचं स्टूल होतं. त्याच्या पायांना भोकं असतात, खुंटी हव्या त्या भोकात घालून उंची वाढवता येते. खुंट्या सगळ्यात वरच्या भोकांत होत्या.

"हे इथं कशाला?"

"मी बसून स्वयंपाक करते ना. पाय दुखतात."

"बसून दाखव."

ताई बसली. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहिले, झोपाळ्यावर बसवलेल्या पोरीसारखे. दोघींनी त्या पायांकडे पाहिलं. 

मग पायरीबाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. पडलं म्हणजे त्यांनी पाडलं. वीस वर्षं नोकरी केलेली नर्स अशी पेनं पाडत नाही.

ताई स्टुलावरून हळूच उतरली, पेनाकडे पाहिलं, आणि वाकायच्या ऐवजी दाराआड लटकवलेला लांब चिमटा घेतला. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना वाकायची बंदी असते, म्हणून जमिनीवरच्या वस्तू उचलायला देतात तो. तिनं उभ्यानंच पेन उचलून दिलं. सफाईनं. सवय असल्यासारखं.

"हा चिमटा आत्यांचा ना?"

"हो."

"मग आत्यांच्या खुर्चीपाशी का नाही?"

"त्या... त्यांना लागत नाही फारसा."

"आणि रोज वही कोण लिहितं?"

ताईचा चेहरा पडला. "मीच. म्हणजे, बहुतेक वेळा मीच."

ते 'बहुतेक वेळा' खोलीत असं लटकत राहिलं की दारावरची बेल वाजली तेव्हा दोघींनाही सुटल्यासारखं वाटलं.

४

दारात शेजारचे घड्याळकाका. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता वय एक्क्याऐंशी, एकटे. आत्यांच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. बाहेर अंगाची लाही होत होती आणि काकांनी जाड स्वेटर घातला होता. स्वेटराच्या पोटापाशी चौकोनी फुगवटा.

"मी नंतर येतो," काका म्हणाले.

"आत्ताच या," पायरीबाई म्हणाल्या. "थंडी वाजतेय का?"

"या वयात वाजते."

"आणि पोट चौकोनी होतं?"

भाचा पुढे धावला. "काका! वही तुम्ही घेतलीत? आत्याला इथं ठेवायचं म्हणून? रोज चार वाजता पत्ते खेळायला भिडू मिळावा म्हणून?"

"तुझ्या आत्या पत्त्यांत लबाडी करतात," काका गरजले. "असला भिडू ठेवण्यासाठी मी चोरी करीन होय?"

आतून आत्यांचा आवाज आला. "लबाडी नाही, स्मरणशक्ती म्हणतात तिला! तुमच्याकडे नाही म्हणून ओळखू येत नाही!"

काकांनी स्वेटर वर केला. आतून निघाला स्टीलचा डबा. रिकामा, घासलेला.

"परत द्यायला आणला होता," ते पडेल आवाजात म्हणाले. "दुपारचं जेवण इथून येतं. माझ्या मुलीला सांगू नका कुणी. तिला वाटतं मी स्वतः करतो."

"कधीपासून येतं?"

"तीन आठवडे होतील. त्याआधी चौदा महिने कुणी विचारलं नव्हतं, हेही लिहून घ्या."

"आणि आता कसं काय विचारलं?"

"मला काय माहीत? पण हात बदललाय, एवढं कळतं. आधी या घरातून जेवणाचा वास यायचा तो दवाखान्यासारखा. आता..." काकांनी डोळे मिटले. "आता मीठ असतं."

ताई मागे उभी होती. तिनं हे मुकाट्यानं गिळलं.

डबा बघताना पायरीबाईंनी काकांच्या स्वेटरातून डोकावणारी शर्टाची बाही पाहिली. मनगटापाशी कापड तपकिरी होऊन भाजलं होतं. त्यांनी तेही लिहून घेतलं, वेगळ्या पानावर.

आता त्यांच्याकडे तीन आठवडे होते, आणि ते एकाच बाजूला बोट दाखवत होते.

५

"आता तुमच्याशी," त्या आत्यांसमोर बसल्या.

"विचारा की." आत्या ताठ बसल्या होत्या. उंच, सडसडीत, केस विंचरून चापून बसवलेले. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक.

"सकाळी किती वाजता उठलात?"

"सहा."

"ताई आठला येते. कुणी उठवलं?"

"पाखरांनी."

"बरं. नेहमीची परीक्षा करू. खुर्चीतून उठायचं, दारापर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मी वेळ लावते."

"आज नको."

"का?"

"पाय आखडलाय."

"कुठला?"

"दोन्ही."

"आत्या!" भाचा खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. "परवा तर तू चाललीस! मला दारापर्यंत सोडायला आलीस!"

"परवाचं परवा."

"जरा टेकू देऊन उठवू का?" पायरीबाई पुढे झाल्या.

"हात लावायचा नाही," आत्या म्हणाल्या. इतक्या जोरात, की ताईसुद्धा दचकली.

पायरीबाई परत बसल्या. नियम त्यांना पाठ होता आणि तो त्यांनी, आवाजात काही न आणता, म्हणून दाखवला. वही नसेल तर तपासनीसानं डोळ्यांनी पाहिलेलं धरायचं. खुर्चीतून उठता येत नसेल तर तिसरी पायरी.

तिसरी. म्हणजे खोट. म्हणजे दिलेला शब्द, बंद घर आणि हॉलमधली कॉट.

भाच्याला हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्याचा चेहरा सगळंच हरल्यासारखा झाला होता. कॉट आणली ती आत्या सुरक्षित राहावी म्हणून. तिचे पाय जावेत म्हणून नव्हे. त्यानं फोन लावला. "अगं, खोली आवरायला घे. हो. आजच."

आत्यांनी मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. ताईनं तोंडात पदर कोंबला. काकांनी डबा छातीशी धरला.

पायरीबाई मात्र आत्यांच्या हातांकडे बघत होत्या. ज्याला उठता येत नाही, त्याचे हात आधी खुर्चीच्या दांड्यांवर जातात. तो आधी प्रयत्न करतो, मग हरतो. या बाईचे हात मांडीवरून हललेसुद्धा नव्हते. या बाईला उठता येत नव्हतं असं नाही. या बाईला उठायचं नव्हतं.

आणि घर जात असतानाही जी बाई उठत नाही, तिच्या खाली घराइतकंच मोलाचं काहीतरी असलं पाहिजे.

"फॉर्म भरायला वेळ लागेल," पायरीबाई म्हणाल्या. "तोवर चहा मिळेल का?"

६

"देते ना," ताई म्हणाली आणि टेकलेल्या भिंतीपासून निघाली. एक पाऊल टाकलं. दुसऱ्याला तिचा चेहरा पांढरा पडला, हात कमरेकडे गेला, आणि ती दाराची चौकट धरून अर्धी वाकलेली तशीच थांबली.

"बस पोरी! मी टाकते!"

हे आत्या बोलल्या तेव्हा त्या उभ्या होत्या. आधी उभ्या राहिल्या, मग बोलल्या, आणि बोलून झाल्यावर आपण उभ्या आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं.

मागे खुर्चीच्या गादीवर, दोरीसकट, वही होती.

 मग आत्यांनी, आता झालंच आहे तर झालं, अशा थाटात वॉकर पकडला, ताईपर्यंत गेल्या, तिला खांद्याला धरून दाराजवळच्या खुर्चीत टेकवलं, वळल्या आणि परत आल्या.

टिक.

"चौदा सेकंद," स्टॉपवॉच थांबवत पायरीबाई म्हणाल्या. "त्यात माणूस बसवण्याचा वेळ धरलेला नाही."

"आत्या," भाच्याच्या तोंडून एवढंच निघालं. फोनमधून त्याची बायको केव्हाची 'हॅलो, हॅलो' करत होती.

"तुम्ही कॉटखाली शोधलंत आणि माळ्यावर शोधलंत," पायरीबाई त्याला म्हणाल्या. "आत्यांना ना वाकता येत, ना चढता येत. चोर शोधायच्या आधी चोराची उंची मोजावी. यांचा हात पोचतो मांडीपासून खांद्यापर्यंत, आणि तेवढ्या भागातली ही जागा कुणी तपासली नाही. कारण तिथं त्या स्वतः बसल्या होत्या."

"पण का? ताईचे तास वाचवायला?"

"नाही. तास वाचवायचे तर वहीत चार खोट्या ओळी लिहिल्या की झालं. वही लपवायची वेळ खोटं लिहिणाऱ्यावर येत नाही. ती खरं लिहिलेल्यावर येते." त्या ताईकडे वळल्या. "स्टुलावर बसलीस तेव्हा तुझे पाय पोचले नाहीत. म्हणजे गॅसपुढे तू बसत नाहीस, कुणीतरी उंच बसतं. वाकायची बंदी आत्यांना, आणि चिमटा तुझ्या हाताशी. टोपणं झिजली दीड महिन्यात, म्हणजे हा वॉकर दिवसभर फिरतोय. काकांचा डबा तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाला. तुझी कमर कधी गेली?"

ताईनं आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी मान हलवली. सांग म्हणून.

"तीन आठवडे झाले," ताई म्हणाली. "आत्या बाथरूममध्ये घसरल्या. मी त्यांना मधल्यामध्ये झेललं. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. माझ्या कमरेत मात्र काहीतरी तुटल्यासारखं झालं."

७

वही भाच्यानं उघडली. सुरुवातीची पानं ताईच्या वाकड्यातिकड्या अक्षरात होती. तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारपासून अक्षर बदललं. सरळ, बारीक, मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारं. तो मोठ्यानं वाचू लागला.

"'आठ पाच. ताई आली. चेहऱ्यावरून कळलं, रात्री झोप नाही. आडवं व्हायला सांगितलं. नाही म्हणाली. पुन्हा सांगितलं.

'आठ वीस. ताई आडवी.

'दहा पंधरा. कमरेला शेक. कुरकुर केली, पण घेतला.

'बारा. जेवण दिलं. अर्धी भाजी टाकली. पानात टाकायचं नाही हे समजावलं. मीठ कमी आहे म्हणाली, हे या घरात प्रथमच ऐकलं.

'बारा चाळीस. स्वयंपाक जास्त झाला. मला कमी करता येत नाही, एक्स्चेंजच्या रात्रपाळीत वीस जणींचा करायचे. एक डबा शेजारी.

'चार. ताईला व्यायाम सांगितला. टाळाटाळ. पेशंट हट्टी आहे.'"

"पेशंट?" ताई किंचाळली. "आत्या! तुम्ही म्हणालात, तू पड, वही मी लिहिते! मला वाटलं नेहमीचं लिहिताय! आंघोळ घातली, जेवण दिलं, तसलं!"

"आंघोळ मी माझी केली, ती दुसऱ्या रकान्यात आहे," आत्या म्हणाल्या. "मी सांगते. पहिल्या दिवशी खोटं लिहायला बसले. 'आठ वीस, ताईनं' एवढं लिहिलं आणि हात थांबला. चौतीस वर्षं वेळेच्या रकान्यात मी एक मिनिट खोटं लिहिलेलं नाही. तोंडानं वाट्टेल तेवढं खोटं बोलेन. आज सकाळपासून बोलतेच आहे. पण वेळ घालून नाही जमत."

"मग पानं फाडायची."

"नोंदीचं पान फाडतात का कधी?" आत्यांनी असं विचारलं, की भाच्यानं जणू भिंत फाडायला सांगितली होती.

काका खो खो हसू लागले. मग ताईला हसू फुटलं. हसताना तिची कमर दुखे आणि ती 'आई गं' म्हणून पुन्हा हसे. पण भाचा हसत नव्हता.

"म्हणजे तीन आठवडे," तो म्हणाला, "या घरात तुला सांभाळायला धड माणूसच नव्हतं. आणि मला पत्ता नाही. आत्या, हीच ती खोट. तू शब्द दिला होतास."

हसणं थांबलं. आत्या हळूच खुर्चीवर बसल्या. "म्हणूनच लपवली," त्या म्हणाल्या. "तू मला नेशील, आणि संस्था हिचं नाव काढून टाकेल. माझ्या वजनानं हिची कमर गेली, बाळ. ते वजन कुणाच्या नावावर लिहायचं?"

 उत्तर दिलं पायरीबाईंनी.

"अडचण माझी आहे," त्या फॉर्म पुढे ओढत म्हणाल्या. "इथं रकाना आहे. 'सदर व्यक्तीला स्वतःच्या घरात राहणं का शक्य नाही.' आणि माझ्यासमोर ही वही आहे. त्यात एका बाईनं तीन आठवडे एका आजारी माणसाला शेक दिला, जेवू घातलं, व्यायाम करवला, शेजाऱ्याचा डबा भरला, आपली आंघोळ आपण केली, आणि सगळं मिनिटाबरहुकूम लिहून ठेवलं. एकदाही पडली नाही. आता कारण काय लिहू ते तुम्ही सांगा. मी लिहिते."

भाच्यानं वही मागे-पुढे चाळली. कारण शोधत होता बिचारा. प्रामाणिकपणे शोधत होता. शेवटी फोन कानाला लावला. "अगं," तो म्हणाला, "खोली राहू दे."

लपवलेली वही हाच आत्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा होता, आणि त्याच्यावर त्या सकाळपासून बसून होत्या. चौतीस वर्षं जगाचे फोन जोडून दिलेल्या बाईला हे सुचलं नाही.

८

आता राहिली ताई.

"आत्या आता पहिल्या पायरीवर. आणि कमर गेलेल्या बाईला उचलण्याचं काम देता येत नाही," पायरीबाई म्हणाल्या. "आधी डॉक्टरला दाखवायचं. मग पहिली पायरी. तिथं उचलायचं काही नसतं."

"पहिली नवशिक्या पोरींना देतात," ताईनं नाक उडवलं. "मी नऊ वर्षं दुसरीची कामं करतेय. मी गप्पा मारायला जाऊ?"

"म्हणून सांगितलं नाहीस होय? मानासाठी?"

ताई म्हणाली, "आणि दोन तासांत माझं कसं भागेल?"

पायरीबाईंनी ते वेगळं पान काढलं. "काका, बाही कशानं भाजली?"

"ती जुनी आहे."

"बाही की भाजणं?"

काका बाही आत दुमडू लागले. "एक-दोनदा गॅस चालू राहिला. घड्याळ नसतं ना गॅसला."

"दोन तास लिहिते. पहिली पायरी. ताई येईल."

"मला मदतबिदत नको!"

"नको तर नको," आत्या म्हणाल्या. "डबा बंद. आणि मुलीचा नंबर मला पाठ आहे. परदेशातला आहे, तरी पाठ आहे."

काकांनी सही केली. खाली 'नाइलाजानं' असं लिहू का, म्हणून विचारलं. पायरीबाई म्हणाल्या, लिहा.

मग आत्यांनी टेलिफोन मांडीवर घेतला. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर दोघी बहिणी राहत, एक ऐकायला कमी आणि दुसरी बघायला. तळमजल्यावर निवृत्त पोस्टमन, गोळ्यांचे वार चुकवणारे. मदत घ्या असं कुणी म्हटलं की हे लोक दार लावून घेत. आत्यांनी तसं म्हटलंच नाही. "एक मुलगी आहे," त्या म्हणाल्या, "स्वभावानं हट्टी, जेवायला नखरे करते, पण गोड आहे. तिला रोज दोन तास कुठंतरी बसायला हवंय. तुम्ही सांभाळाल का? लाइन चालू ठेवा, मी फॉर्मवाल्या बाईंना देते."

अकरा मिनिटांत दोन्ही घरं जोडून झाली. आत्या, काका, बहिणी, पोस्टमन: दोन, चार, सहा, आठ. एका इमारतीत, लिफ्टनं, कुणालाही न उचलता.

आता या सगळ्याची किंमत म्हणून कुणी काय भरलं, तेवढं सांगायचं राहिलं.

काकांनी अभिमान भरला, पण तो त्यांच्याकडे मुबलक होता, त्यामुळे चणचण जाणवली नाही. पायरीबाईंनी एका तपासणीसाठी निघून चार घरांचे फॉर्म भरले आणि त्या दिवशी उपाशी राहिल्या असत्या. आत्यांनी जेवायला बसवलं. ताईनं दोन आठवडे सक्तीची विश्रांती भरली, रोज फोनवर 'व्यायाम केलास का' हे ऐकत. भाच्यानं रविवार भरले. दर रविवारी तो येतो, आत्यांच्या हातचं जेवतो, भांडी घासतो, आणि घरी जाऊन त्याच रिकाम्या कॉटवर दुपारी गाढ झोपतो. बायको म्हणते, पडद्यांमुळे झोप लागते.

सगळ्यात जास्त भरलं आत्यांनी. ताई आता त्यांच्याकडे सकाळी दोनच तास असते. दहा वाजता ती उठते, "येते हं आत्या," म्हणते आणि खालच्या बहिणींकडे जाते. पहिले आठ-दहा दिवस दार लागलं की आत्या घड्याळाकडे बघत बसायच्या. चारला काका पत्ते घेऊन येईपर्यंत सहा तास, सलग. चौदा महिने जी घरात वावरली, तिच्याशिवाय. हे आत्यांना आधीपासून ठाऊक होतं. अकरा मिनिटं तो फोन फिरवत होत्या, तेव्हा त्या आपलंच माणूस दुसऱ्यांच्या घरांत वाटून देत होत्या, एकेक करून, आणि आवाज जराही हलू दिला नाही.